पिशवी मागे ठेवणारा चोर

१

दवाखान्यातून चोरीला जाण्यासारख्या वस्तू पुष्कळ असतात. औषधं, चादरी, बादल्या, झालंच तर डॉक्टरांच्या चपला. पण मंगळवारी भरदुपारी जव्हारबाहेरच्या आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यातून जे चोरीला गेलं, ते ऐकून मी सुपारी कातरायचा थांबलो.

हौशी गेली होती.

हौशी म्हणजे एक बाई. पण प्लास्टिकची. डोक्यापासून मांड्यांपर्यंत, हात नाहीत, पोटाला झाकण. झाकण काढलं की आत काळीज, फुप्फुसं, जठर, आतडी, सगळा संसार. डॉक्टर हर्षदांनी तिला स्वतःच्या पगारातून आणली होती आणि वॉर्डातल्या बायकांनी तिचं बारसं केलं होतं. डॉक्टरबाई वयानं लहान, हट्टानं मोठ्या. मुंबईचं सोडून इकडं आलेल्या. त्यांचं म्हणणं, रोग्याला नीट समजावल्याशिवाय ऑपरेशनच्या कागदावर अंगठा घेणं म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा घेणं. तहसील कचेरीत सगळी नोकरी काढलेल्या माझ्यासारख्या कारकुनाला असलं काही ऐकलं की घाम फुटतो. सगळ्यांना समजावून अंगठे घेत बसलो असतो, तर आम्ही अजून पहिल्याच गावात असतो.

मी तिथं काय करत होतो, तेही सांगतो. आमची ही, म्हणजे निशा, आश्रमशाळेत मुलांना मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई, मांजराला हाकलायला धावली आणि पायरीवरून पडली. मांजर धडधाकट, हिच्या पायाला प्लास्टर. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना बसू देत नाहीत, म्हणून मी खिडकीबाहेरच्या व्हरांड्यात बाकावर. आत हिची खाट, शेजारी दाभोसा गावच्या भागीची.

भागी पन्नाशीकडं झुकलेली. वर्षभर अंगावरून जात होतं. गोळ्या झाल्या, काढे झाले, रक्त इतकं उतरलं की बाई उभी राहिली तर भिंत धरायची. गर्भपिशवीत गाठी होत्या. पिशवी काढायला हवी होती. भूल देणारे डॉक्टर नाशिकहून गुरुवारी यायचे, पुन्हा कधी येतील याचा नेम नाही. तोवर आणखी एकदा रक्त सुटलं तर भागी हाताला लागणार नाही, असं डॉक्टरबाई माझ्यादेखत म्हणाल्या होत्या.

सोमवारी त्यांनी भागीला हौशी दाखवली. मी खिडकीतून पाहिलं. झाकण काढलं. आतलं एकेक टेबलावर मांडलं, वाण्यानं माल मांडावा तसं. सगळ्यात खालची पिशवी चिमटीत धरून वर केली. "ही काढायची. बाकी सगळं जसंच्या तसं." मग बाकीचं परत आत भरलं. पण पिशवी नसली की वरच्या आतड्यांना टेकू राहायचा नाही. झाकण लावून हौशीला उचललं की पोटात खुळखुळ वाजायचं.

भागीनं ते ऐकलं आणि तोंडावर पदर घेतला. "घरी विचारते," एवढंच म्हणाली.

डॉक्टरबाईंनी ठरवलं, मंगळवारी नवऱ्यालाही दाखवू, मग अंगठा. मंगळवारी तीनच्या सुमारास त्या तपासणीच्या खोलीत गेल्या, तर टेबल रिकामं. म्हणजे अगदी रिकामं नाही. मधोमध पिशवी ठेवलेली. तेवढी सोडून अख्खी हौशी गायब.

"हौशीशिवाय मी समजावणार कशी?" डॉक्टरबाईंचा आवाज चिरका झाला. "आणि समजावल्याशिवाय मी अंगठा घेणार नाही. गुरुवारचं ऑपरेशन रद्द."

भागीनं कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं. आणि आमच्या हिनं उशीला टेकून बसत चष्मा पुसला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मला कळतं, ही चष्मा पुसायला लागली की कोणाचं तरी काही खरं नाही.

२

"चोर कोण ते मला ठाऊक आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तो भगत."

नवशा भगत दाभोशाचाच. भागीबरोबर आलेला, दिवसभर आवारातल्या चिंचेखाली बसलेला. भगत आणि डॉक्टर म्हणजे विळा आणि भोपळा, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. म्हणून मी मोठ्या आशेनं त्याला खिडकीशी बोलावून आणलं.

"नवशाबाबा," ही आतून म्हणाली, "हौशी तुम्ही नेली?"

"मी काहाला नेऊ बाई? मना घरची हाय ना एक." आणि खोकला.

"भागीचं ऑपरेशन व्हावं असं तुम्हाला वाटतं का?"

"मीच धाडली तिला. तांदूळ टाकून बघितलं, दोनदा बघितलं. म्हटलं, हे माझ्या हातचं नाय. कोंबडं फुकट जायचं. दवाखान्यात न्या." पुन्हा खोकला.

डॉक्टरबाईंना पटलं नाही. "आज दुपारी जेवणानंतर तुम्ही कुठं होतात?"

नवशानं त्यांच्याकडं दयेनं पाहिलं. "तुमच्या म्होरं मॅडम. तुमी माझी जीभ बघत होत्या. खोकल्याचं औषध लिवून दिलं. कडू हाय."

भगत सुटला, तो असा. डॉक्टरच्याच साक्षीनं सुटलेला भगत मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

दुसरी संशयित प्रांजल सिस्टर, मोखाड्याची. तिनं हातावर हात बांधूनच जबानी दिली. "हो, मला ती हौशी डोळ्यासमोर नको होती. लपवत नाही. बाईची सगळी तयारी मी करायची, एनिमा मी द्यायचा. मग मॅडमनी हौशी दाखवली की बाई पदर सावरून पुढच्या जीपला. आतापर्यंत जिनं जिनं हौशी पाहिली, ती ती पळाली. दगडी चेहऱ्यानं नुसतं 'अंगठा द्या' म्हटलं असतं, तर सगळ्यांनी दिला असता."

"आणि न समजताच दिला असता," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"समजून तरी कुठं देताहेत?"

दोघींचं जुंपणार, तेवढ्यात ही मधे पडली. "सिस्टर, तुला हे प्रात्यक्षिक बंद पाडायचं असतं, तर तू काय चोरलं असतंस?"

प्रांजल क्षणभरही थांबली नाही. "पिशवी. एप्रनच्या खिशात मावते. एवढं धूड कशाला उचलू?"

"बघितलंत?" ही माझ्याकडं वळली. मला काहीच दिसलं नव्हतं, पण मी मान हलवली. "ज्याला ऑपरेशन नको असेल, तो पिशवी पळवेल. ज्याला प्रात्यक्षिक नको असेल, तोही पिशवीच पळवेल. भंगारवाला असेल, तर सगळंच नेईल. आपल्या चोरानं मात्र नेमकी पिशवी काढून ठेवली आणि बाकीची बाई नेली."

"विसरला असेल," मी म्हणालो.

"अहो, पिशवी सगळ्यात खाली असते. ती काढायला वरचं सगळं काढावं लागतं, आणि मग वरचं सगळं परत भरावं लागतं. विसरून एवढे कष्ट कोणी करत नाही. तुम्ही तर आठवणीनंसुद्धा करत नाही."

वॉर्डातल्या बायका हसल्या. भागी तेवढी हसली नाही. ती भिंतीकडं तोंड करून होती, पण तिचं सगळं अंग ऐकत होतं.

३

फाटकावरचा पांड्या म्हणजे दवाखान्याचा सगळ्यात जुना नोकर. त्याच्या नजरेतून मुंगी सुटत नाही, असा त्याचा स्वतःचा दावा.

"दुपारी बाहेर कोण गेलं?" हिनं विचारलं.

"कोन नाय."

"कोणी मोठं गाठोडं घेऊन?"

"गाठोडं असतं तर सोडून बघितलं असतं बाई. इथनं एक चमचा जात नाय. दुपारी निस्ता पुंजा गेला. बायकोला घेऊन."

"कुठला पुंजा?"

"ह्यो आपला. दाभोशाचा. भागीचा नवरा. भागीला उचलून घेतलेली, डोक्यावरनं पदर. मीच फाटक उघडलं. म्हटलं, घरी नेतोस का रे? तर म्हणला, हो, विचारून परत आनतो. बिचारीत जीवच नव्हता. मान सुदीक हलत नव्हती."

वॉर्डातल्या सगळ्या माना एकदम वळल्या. कारण भागी समोरच खाटेवर होती. मंगळवारी दुपारभर ती खाटेवरच होती. दुपारी तिला रक्ताची दुसरी बाटली लावलेली, ती प्रांजलनं स्वतः लावली होती आणि तीन वाजता स्वतः काढली होती.

पांड्यानं खिडकीतून आत पाहिलं. भागी दिसली. त्याच्या हातातली काठी खाली पडली.

"मग मी बाहेर सोडली ती कोन?" तो म्हणाला, आणि भीतीनं त्यानं नवशा भगताचा हात धरला.

४

त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या पायांनी चालत आलं. जव्हार-दाभोसा जीप चालवणारा गौतम खिडकीशी येऊन मला म्हणाला, "भाऊसाहेब, कालची ती आजारी बाई कशीय हो? रात्रभर जिवाला चैन नाही."

"कुठली बाई?"

"पुंजाची. मांडीवर घेऊन बसला होता. खरंच सांगतो, इतक्या जणांना नेतो-आणतो मी, पण एवढी सोशीक बाई बघितली नाही. उतारावरच्या खड्ड्यात गाडी अशी आदळली, माझा स्वतःचा जबडा वाजला. बाई हूं नाही की चूं नाही. फक्त पोटात खुळखुळ खुळखुळ. मी पुंजाला म्हटलं, हिच्या पोटात पाणी झालंय, लवकर दाखव कोणाला तरी."

मी आत पाहिलं. आमची ही हसू दाबत होती, आणि ते तिला साधत नव्हतं.

"गौतमभाऊ, तिनं नेसलं काय होतं?"

"लुगडं. हिरवं. आपल्याकडच्या बायका नेसतात तसं, मागं घट्ट गाठ. पदर डोक्यावरून नीट खोचलेला. एवढ्या खड्ड्यांत पदर ढळला नाही."

"झालं," ही म्हणाली. "आता चोर दोन आहेत. उचलून नेणारा पुंजा, हे उघड आहे. पण लुगडं पुंजानं नेसवलेलं नाही. पुरुषाला ते जमत नाही. आमच्या ह्यांना पायजम्याच्या नाडीची गाठ मारता येते, सोडता येत नाही."

हे सगळ्या वॉर्डासमोर सांगायची गरज नव्हती.

"लुगडं बाईनं नेसवलंय. आणि ते कोणाचं होतं, तेही सांगते. सोमवारी ह्या खिडकीच्या गजावर एक हिरवं लुगडं वाळत होतं. मंगळवारी नाही. ज्या बाईचं ते होतं, ती आता दवाखान्याच्या झग्यात आहे."

सगळ्यांच्या नजरा शेजारच्या खाटेकडं गेल्या. भागीनं चादर डोक्यावरून ओढून घेतली. चादरीतून आवाज आला, "मी झोपले हाय."

डॉक्टरबाई पुढं सरसावल्या, पण हिनं हात आडवा केला. "तिला आता काही विचारू नका. कालपासून सगळे तिला सांगताहेत किंवा विचारताहेत, दमलीय ती. मला एवढं आठवतंय, सोमवारी रात्री तिनं मला विचारलं होतं, 'बाई, तुमचा पाय मोडला, आता तुमच्या घरात पानी कोन भरतं?' मी म्हटलं, आमच्याकडं नळ आहे. तेव्हा मला काही कळलं नाही. आता कळलंय." ती डॉक्टरबाईंना म्हणाली, "तुम्ही आणि हे असे दोघं दाभोशाला जा. हौशी धडधाकट सापडेल. फक्त तिच्या डोक्यावर काहीतरी असेल."

"काय असेल?"

"जाऊन बघा. आणि पिशवी घेऊन जा बरोबर."

मला कोणी विचारलं नाही, मी जाणार का म्हणून. समजावून अंगठा घ्यायची पद्धत आमच्या घरात अजून आलेली नाही.

५

दाभोशात पुंजाचं घर शोधावं लागलं नाही. अख्खी वाडी त्याच्या अंगणात होती.

मधोमध उलट्या लाकडी उखळावर हौशी बसलेली. अंगात भागीचं हिरवं लुगडं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर आणखी एक हंडा, दोन्ही काठोकाठ भरलेले. एका बाजूनं पुंजा, दुसऱ्या बाजूनं त्याचा भाऊ, दोघांनी तिला धरलेलं. समोर बाजेवर पुंजाची म्हातारी, ठकी, पंचासारखी बसलेली.

"आता चढ," ठकी म्हणाली.

दोघांनी हौशीला उखळासकट उचललं आणि अंगणाच्या वरच्या बांधाकडं चालू लागले. हंडे डुचमळले. पोटात खुळखुळ वाढली. बांधावर पुंजाचा पाय घसरला, वरचा हंडा त्याच्या अंगावर कलंडला, पदर सुटला, पोटाचं झाकण निघालं आणि हौशीची आतडी घरंगळत ठकीच्या पायाशी आली.

अंगणभर "आई गं!" झालं. एका बाईनं डोळे मिटले. ठकीनं आतडी उचलली, फुंकर मारून माती उडवली आणि निकाल दिला. "नको. पिशवी काढायची नाय. बघितलं सगळ्यांनी."

"ही चोरी आहे!" डॉक्टरबाई ओरडल्या. तेव्हा कुठं लोकांचं आमच्याकडं लक्ष गेलं.

पुंजा भिजलेला उभा राहिला. माणूस घाबरला होता, पण खोटं बोलण्याइतका नव्हे. "चोरी नाय मॅडम. आज परत आननार व्हतो. भागी म्हणली, घरी विचारल्याबिगर अंगठा कसा देऊ. मी घरी कशी विचारू, मना तर सोडत नाय, रक्त लावायचंय. म्हणून तिनं हिला लुगडं नेसवलं, रक्ताची बाटली यायच्या आधी. मना म्हणली, 'ही मी. माझी पिशवी काढलीय. घरी न्या, काम सांगा, बघा जमतंय का.'"

डॉक्टरबाई उखळाशेजारी जमिनीवर बसल्या. बाजेवर बसा म्हटलं तर नको म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे पळून गेलेल्या सगळ्या बाया... त्यांनी हेच पाहिलं का?"

"मग काय पाहणार?" ठकी म्हणाली. "उतरंडीतलं खालचं मडकं काढलं तर वरची कुठं राहतात? आमच्या पोरी डोक्यावर दोन हंडे घेऊन चढतात. भारा आनतात. वरचं समदं खाली आलं तर?"

डॉक्टरबाई समजावायला लागल्या. आतड्यांभोवती आवरण असतं, आवरणाला बंध असतात, आणि बरंच काही. सगळे माना हलवत होते आणि कोणालाही पटत नव्हतं. कचेरीत मी अशा माना फार पाहिल्यात. एकदम त्या मधेच थांबल्या.

"बोकड कोण कापतं तुमच्यात?"

निम्म्या अंगणानं हात वर केला.

"त्याचं पोट फाडलं की आतडी अशी गळून पडतात का?"

"छ्या," पुंजाचा भाऊ म्हणाला. "चिकटून असतात. पडदा असतो ना."

"पांढरा," एक बाई म्हणाली. "जाळीवानी. त्याला समदी धरलेली."

"ओढून काढायला लागतात," पुंजा म्हणाला. "सुरी लावायला लागते."

"तसाच पडदा भागीच्या पोटात आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या. हौशीला नाही. कंपनीनं लावलेला नाही. तो मी दाखवायला हवा होता, आणि मला सुचलंच नाही, कारण मला हे कोणी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं, तुम्हाला कशाची भीती वाटते म्हणून."

अंगणात कुजबुज झाली. ठकी हातातल्या आतड्यांकडं बघत राहिली. मग तिनं ती डॉक्टरबाईंच्या मांडीवर टाकली. "मग खोटी बाई दाखवून आमच्या पोरींना काहाला भेवडवता?"

डॉक्टरबाईंनी सबब काढली नाही, आतडी पुसून हौशीच्या पोटात परत ठेवली. हे मला आवडलं.

"म्हणजे काढली तर परवापासून हंडा घेल?" ठकीनं विचारलं.

"नाही. परवा नाही. तीन महिने जड काहीही उचलायचं नाही. पाणी नाही, लाकडं नाही."

बाया बोटांवर महिने मोजू लागल्या. होळी नुकतीच होऊन गेलेली. जवळची विहीर आटायला लागलेली, म्हणजे पुढचे तीन महिने पाणी खालच्या नदीवरून, चढानं. हौशीच्या डोक्यावर दोन हंडे चढवताना, त्याच अंगणात हंडा चढवायला दुसरी डोकीही आहेत, हे कोणाच्या मनात आलं नव्हतं.

ठकी हळूच पुंजाकडं वळली. तिच्याबरोबर सगळ्या बाया वळल्या.

"माज्याकडं काय बघता?" पुंजा म्हणाला.

म्हातारी उठली. हौशीच्या डोक्यावरची चुंबळ काढून तिनं लेकाच्या डोक्यावर ठेवली, आणि वर हंडा. "चाल."

पुंजा चालला. गड्यानं आयुष्यभर खांद्यावरून ओझी वाहिलेली, पण डोक्यावरचं पाणी हा वेगळाच कारभार आहे. चार पावलांत त्याचा सदरा भिजला, सहाव्या पावलाला हंडा माझ्या अंगावर. बाया इतक्या हसल्या की एकीला उचकी लागली. ठकीनं हंडा पुन्हा भरला. दुसऱ्या खेपेला अर्धा पोचला. तिसऱ्या खेपेला बांधापर्यंत, मान लाकडासारखी ताठ, डोळे बाहेर आलेले, पण पोचला.

"शिकंल," ठकी म्हणाली. "मी पन हाय अजून. भागीला सांगा, घरचे हो म्हणले."

६

संध्याकाळी वॉर्डात जत्रा भरली. पुरुषांना मनाई असताना पुंजा आत, गौतम दारात, पांड्या फाटक सोडून खिडकीत. ठकी भागीच्या पायांशी बसलेली. हौशी पिशवीसकट टेबलावर, लुगडं सोडलेली, थोडी मातकट.

हिनं सगळा उलगडा पुन्हा सांगितला, कारण शिक्षिकेला एकदा सांगून भागत नाही. "पिशवी मागं ठेवली, तेव्हाच मला वाटलं, चोराला पिशवी नसलेली बाई हवीय. ती कशाला हवी? पिशवी काढल्यावर बाईचं काय होतं, ते बघायला. हे बघायची गरज ऑपरेशनच्या वैऱ्याला नसते. ज्याला हो म्हणायचंय पण हो म्हणवत नाही, त्याला असते."

भागी चादरीतून बाहेर आली. "मी चोर नाय बाई."

"नाहीच. तू निरोप धाडलास."

डॉक्टरबाईंनी खाटेशेजारी स्टूल ओढलं. बसल्यावर त्यांची आणि भागीची नजर एका उंचीला आली. "घरचे हो म्हणतात भागीताई. पण पोट तुमचं आहे. तुम्ही काय म्हणता?"

भागीनं नवऱ्याकडं पाहिलं, सासूकडं पाहिलं. आजवर ज्यांना विचारायचं, ते सगळे इथं हजर होते आणि तिच्याकडंच बघत होते. मी बाकावर बसून सुपारी चघळायचीही विसरलो.

"नाय काढली तर?"

"दुसरा एक मार्ग आहे. इंजेक्शनं. काही महिने रक्त कमी जाईल, पुन्हा सुरू होईल. तुमच्या अंगात रक्त फार थोडं आहे. एखादे वेळी दाभोशाहून इथं पोचेपर्यंत उशीर होईल. त्याची मला भीती आहे."

"काढताना मरते का बाई?"

प्रांजलनं डोळे वटारले, पण डॉक्टरबाईंनी टाळलं नाही. "क्वचित. तुम्हाला इतरांपेक्षा थोडा जास्त धोका, रक्त कमी म्हणून. म्हणूनच आधी दोन बाटल्या दिल्या, आणखी एक तयार ठेवलीय. मला वाटतं तुम्ही बऱ्या होऊन घरी जाल. पण खात्री देते म्हटलं, तर ते खोटं होईल."

"आन तीन महिने?"

"पानी मी," पुंजा म्हणाला. त्याची मान अजून वळत नव्हती.

भागीनं त्या ताठ मानेकडं नीट बघून घेतलं. मग म्हणाली, "काढा."

ऑपरेशन नीट झालं, हे इथंच सांगून टाकतो. रहस्यकथेत कोणी मेल्याशिवाय वाचकाला चुकल्यासारखं वाटतं, हे मला माहीत आहे, पण आमच्याकडं कोणी मेलं नाही. गुरुवारी दुपारी भागी शुद्धीवर आली आणि पुंजानं पाणी भरलं का, म्हणून तिनं विचारलं. पण मला सांगायचंय ते बुधवार संध्याकाळचंच.

प्रांजलनं कागद आणला, शाईचं पॅड आणलं. डॉक्टरबाईंनी मजकूर वाचून दाखवला. मला सर्व माहिती माझ्या भाषेत देण्यात आली असून ती मला समजली आहे, वगैरे. भागीनं अंगठा शाईत बुडवला, नीट दाबून उठवला, आणि कागद सोडला नाही.

"हा मना समजलं त्याचा," ती म्हणाली.

"हो."

"आन तुमाला समजलं, त्याचा कुठं?"

डॉक्टरबाईंनी कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. तशी जागा त्यात नव्हती. खाली डॉक्टरच्या सहीची रेघ होती, पण ती माहिती दिल्याची, घेतल्याची नव्हती. माझ्यातला कारकून म्हणाला, छापील नमुन्यात नाही ते करता येत नाही. मी तसं बोललोही. कोणी लक्ष दिलं नाही.

भागीनं शाईचं पॅड त्यांच्याकडं सरकवलं.

एवढ्या मोठ्या पदव्यांची बाई, तिनं आजवर कुठं अंगठा उठवला नसेल. तिला बोट कसं धरायचं, तेही ठाऊक नव्हतं. भागीनं तिचा हात हातात घेतला, अंगठा शाईवर लोळवला आणि आपल्या अंगठ्याच्या शेजारी कागदावर दाबून धरला.

"आता काढा," भागी म्हणाली, आणि पाय पसरून झोपली.